एनसीएस परीक्षेची तयारी गावी राहून करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या देवरुखच्या आहेत. अमेरिकेतील एका राज्याचा फिजिओथेरपीचा परवाना त्यांच्याकडे असून तेथील बाह्यरुग्ण विभागात मेंदू व मज्जारज्जूच्या रुग्णांवर त्यांनी काही वर्षे काम केले आहे. वडिलांच्या पक्षाघाताच्या आजारपणामुळे पुढचे सहा-सात महिने त्यांना देवरुखातच काढायचे आहेत. न्यूरॉलॉजिक क्लिनिकल स्पेशालिस्ट ही न्यूरो फिजिओथेरपीतील तज्ज्ञतेची परीक्षा, म्हणजे आपण सगळे जिला एनसीएस म्हणतो ती परीक्षा, पुढच्या खेपेला द्यावी असे त्यांच्या मनात आहे. मात्र क्लिनिकपासून इतके दूर राहून ही तयारी होईल का, आणि सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे. ही परीक्षा मी स्वतः दिलेली आहे आणि आता बरीच वर्षे चिपळुणात न्यूरो फिजिओथेरपीचे काम करते आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पाहून उत्तर देते. तयारी होईल, आणि चांगली होईल. फक्त ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून न करता रुग्णावरून करावी लागेल.

आधी पात्रतेविषयी, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. ही परीक्षा अमेरिकन बोर्ड ऑफ फिजिकल थेरपी स्पेशालिटीज ही संस्था घेते आणि तिला बसण्यासाठी अमेरिकेतील चालू परवाना लागतो. त्याशिवाय मागील १० वर्षांत न्यूरो रुग्णांच्या प्रत्यक्ष उपचाराचे किमान २,००० तास भरलेले असावे लागतात आणि त्यातले ५०० तास मागील ३ वर्षांतले असावे लागतात. किंवा मग मान्यताप्राप्त न्यूरॉलॉजिक रेसिडेन्सी पूर्ण केलेली असावी लागते. आपले तास आधीच भरलेले असतील आणि त्यातले पुरेसे अलीकडचे असतील, तर या सुट्टीमुळे काही बिघडत नाही. तरीही निघण्यापूर्वी आपल्या जुन्या कामाच्या ठिकाणाहून तासांचा तपशील लेखी घेऊन ठेवला नसेल, तर आजच ईमेल करावा, कारण व्यवस्थापक बदलला की असे कागद मिळवणे जिकिरीचे होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ज्या सहकाऱ्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून न्यूरोमध्ये एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी, केले आहे आणि येथेच काम करणार आहेत, त्यांना या परीक्षेला बसता येणार नाही, हे स्पष्टच सांगते. पुढे लिहिलेल्या अभ्यासाचा मात्र त्यांनाही तितकाच उपयोग आहे, कारण त्यातले बहुतेक सारे रोजच्या रुग्णाला लागू पडणारे आहे.

परीक्षेत बहुपर्यायी २०० प्रश्न असतात. ते प्रत्येकी ५० प्रश्नांच्या चार भागांत विभागलेले असतात आणि प्रत्येक भागाला दीड तास मिळतो, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त. निकाल २०० ते ८०० या मापावर लागतो आणि ५०० ला उत्तीर्ण होता येते. हा आकडा टक्केवारीचा नाही, त्यामुळे ‘किती प्रश्न बरोबर आले पाहिजेत’ या हिशेबात वेळ घालवू नये. प्रश्नांची घडण समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. बहुतेक प्रश्नांत एक रुग्ण असतो, त्याची चार-सहा ओळींची माहिती असते आणि शेवटी विचारलेले असते की, सर्वांत आधी काय कराल, पुढची सर्वांत योग्य चाचणी कोणती, किंवा या निष्कर्षावरून काय ठरते. चारपैकी दोन पर्याय उघड चुकीचे असतात. उरलेले दोन दोन्ही बरोबर वाटतात, आणि त्यांतला एक या रुग्णाला, या टप्प्यावर, आधी लागू पडतो. ज्यांनी माहिती भरपूर पाठ केली आहे पण ‘आधी काय आणि नंतर काय’ याचा विचार केलेला नाही, ते येथेच अडकतात. म्हणून आपण कोणताही विषय वाचाल तेव्हा दर पानाशेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे वाचल्यामुळे माझ्या कोणत्या रुग्णाच्या बाबतीत माझा निर्णय बदलेल? उत्तर सापडत नसेल तर ते पान बहुधा परीक्षेसाठीही दुय्यम असते.

सुरुवात बोर्डाने या विशेष शाखेसाठी ठरवलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यापासून करावी. त्यात कोणत्या विषयाला किती वजन आहे ते दिलेले असते. तो छापून घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘येते’, ‘डळमळीत’, ‘येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. बाह्यरुग्ण विभागात काम केलेल्यांचे अतिदक्षता विभागातले ज्ञान आणि मज्जारज्जूच्या ताज्या दुखापतीचे ज्ञान सहसा कच्चे असते; रुग्णालयात काम केलेल्यांचे चक्कर आणि तोलाचे कच्चे असते. आपल्याला आवडणाऱ्या विषयापासून आरंभ करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पहिले दोन महिने ‘डळमळीत’ आणि ‘येत नाही’ यांना द्यावेत. आठवड्याला आठ-दहा तास नियमित दिले तर सहा महिने पुरतात. पावसाळ्यात देवरुख-साखरपा पट्ट्यात वीज गेली की इंटरनेटही जाते, तेव्हा मार्गदर्शक तत्त्वांचे दस्तऐवज आधीच डाउनलोड करून छापून ठेवावेत. गणपतीच्या दिवसांत अभ्यास होणार नाही हेही वेळापत्रकात आधीच धरावे.

आता विषयांकडे वळते. चक्कर आणि अंतर्कर्णाच्या तक्रारी या विषयावर थोडे अधिक लिहिते, कारण येथे पाठांतर सर्वांत लवकर दगा देते आणि तर्क सर्वांत चांगला उपयोगी पडतो. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी, कुशीवर वळताच घर फिरते म्हणणारी बाई आपल्याकडे येते, तेव्हा आपण सवयीने डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे डोके एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवण्याची चाचणी, करतो. कानातील कॅल्शियमचे कण मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत असतील, तर खाली असलेल्या कानाच्या दिशेने फिरणारा आणि वरच्या दिशेने मारणारा निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांची आपोआप होणारी झटक्यांची हालचाल, दिसतो, काही सेकंदांनी सुरू होतो आणि मिनिटाच्या आत थांबतो. येथवर सगळ्यांना येते. परीक्षा विचारते ती आडवी नलिका. रुग्णाला उताणे झोपवून डोके उजवीकडे वळवले, तर डोळे जमिनीच्या दिशेने जोरात मारतात. डावीकडे वळवले तरी जमिनीच्याच दिशेने मारतात, पण कमी जोराने. मग बाधित कान कोणता? उजवा, कारण कण नलिकेत मोकळे असतात तेव्हा बाधित बाजूला वळताना ते नलिकेच्या फुगीर टोकाकडे सरकतात, आणि आडव्या नलिकेत त्या दिशेचा प्रवाह अधिक उत्तेजक असतो. याउलट डोळे दोन्ही बाजूंना जमिनीपासून दूर मारत असतील, तर ज्या बाजूला निस्टॅग्मस कमी तो कान बाधित. हे चौकोन करून पाठ करणारे विद्यार्थी परीक्षेच्या तिसऱ्या तासाला हमखास उलटसुलट करतात. प्रवाह कोणत्या दिशेने जातो हे एकदा कागदावर स्वतः काढून पाहिले की मग पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

याच विषयातला दुसरा भाग म्हणजे सतत, तासन्‌तास टिकणारी ताजी चक्कर. येथे डोके झटकन वळवण्याची चाचणी, निस्टॅग्मसची दिशा आणि डोळ्यांचा उभा तिरपेपणा या तीन गोष्टी पाहतात. नवखा माणूस येथे फसतो, कारण अशा रुग्णात डोके वळवण्याची चाचणी नॉर्मल आली तर ती दिलासा देणारी वाटते, पण प्रत्यक्षात ती मेंदूतल्या पक्षाघाताची शंका वाढवते. पाहण्याच्या दिशेप्रमाणे बदलणारा निस्टॅग्मस आणि डोळ्यांचा तिरपेपणा हेही त्याच बाजूचे पुरावे. अशा प्रश्नाचे उत्तर कोणताही व्यायाम नसते; रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवणे हे असते. अंतर्कर्णाच्या एका बाजूच्या दुर्बलतेसाठी अमेरिकन न्यूरॉलॉजिक फिजिकल थेरपी अकादमीची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. त्यातले व्यायामाचे प्रमाण लक्षात ठेवावे: नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम ताज्या दुखण्यात दिवसातून किमान तीन वेळा मिळून १२ मिनिटे, आणि जुन्या दुखण्यात मिळून किमान २० मिनिटे. आपल्याकडे ‘दहा-दहा वेळा करा’ असे मोघम सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते, ते तेथे चालत नाही आणि खरे तर येथेही चालू नये.

मज्जारज्जूच्या दुखापती हा कोकणातल्या आपल्यासारख्यांना जवळचा विषय आहे. चैत्र-वैशाखात आंबे काढताना झाडावरून पडलेला गडी, नारळ-पोफळीवरून घसरलेला माणूस, हे रुग्ण आपण पाहिलेले असतात. अशा एका रुग्णाचा कागद डोळ्यांसमोर धरून आंतरराष्ट्रीय वर्गीकरण शिकावे. समजा ताकदीच्या ० ते ५ या मापावर कोपर वाकवणारे आणि मनगट उचलणारे स्नायू दोन्ही बाजूंना ५, कोपर सरळ करणारे ३, बोटे मिटणारे १, करंगळी बाजूला नेणारे ०. ज्या स्नायूची ताकद किमान ३ आहे आणि ज्याच्या वरचे सगळे ५ आहेत, तो सर्वांत खालचा स्नायू म्हणजे मोटर पातळी. येथे ती सी ७, म्हणजे मानेतली सातवी. संवेदना मात्र दोन्ही बाजूंना सी ६ पर्यंतच नॉर्मल असेल, तर दुखापतीची एकच पातळी लिहिताना वरची, म्हणजे सी ६, लिहायची. पुढे गुदद्वाराजवळची संवेदना, खोल दाबाची जाणीव आणि स्वेच्छेने आकुंचन यांपैकी काहीच नसेल तर दर्जा ए, म्हणजे पूर्ण दुखापत. तेथे टोचल्याची पुसट जाणीव जरी असेल तरी दुखापत अपूर्ण ठरते. आता खरी गोम येथे आहे: बी आणि सी यांत फरक करताना त्या त्या बाजूच्या मोटर पातळीच्या खाली तीनपेक्षा जास्त पातळ्यांवर हालचाल आहे का हे पाहतात, तर सी आणि डी यांत फरक करताना दुखापतीच्या एकत्रित पातळीच्या खालच्या मुख्य स्नायूंपैकी निम्म्या किंवा अधिक स्नायूंची ताकद ३ किंवा त्याहून जास्त आहे का हे पाहतात. एका ठिकाणी मोटर पातळी, दुसऱ्या ठिकाणी एकत्रित पातळी. प्रश्न काढणाऱ्यांना ही जागा फार आवडते.

त्याच रुग्णाची दुसरी बाजू निर्णयाची आहे. टी ४, म्हणजे आपल्याकडच्या कागदांवरचे डी ४, पातळीची पूर्ण दुखापत असलेला तरुण गादीवर उताणा आहे, पायांना स्ट्रेचिंग चालू आहे, आणि अचानक डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम फुटतो. रक्तदाब १४२/८८. एखाद्या साठीच्या माणसात या आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. पण वरच्या पातळीची दुखापत असलेल्याचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या दरम्यानच असतो, आणि नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढणे म्हणजे ऑटोनॉमिक डिसरेफ्लेक्सिया, अर्थात दुखापतीखालच्या एखाद्या त्रासामुळे रक्तदाब अचानक धोकादायक वाढणे, समजून वागावे. टी ६ आणि त्यावरच्या दुखापतीत हा धोका असतो. पर्यायांत ‘पाय उंच करा’, ‘लघवीची नळी पाहा’, ‘बसवा’, ‘डॉक्टरांना कळवा’ असे चारही असतील. उत्तर आहे बसवणे, कारण त्याने रक्तदाब तेथल्या तेथे खाली येऊ लागतो; मग घट्ट कपडे आणि पट्टे सैल करणे, मग नळीला पीळ पडला आहे का ते पाहणे. पाय उंच करून झोपवणे हा उभे राहताना रक्तदाब पडण्यावरचा उपाय आहे आणि येथे तो जिवावर बेतू शकतो. दोन्हींत रुग्ण ‘कसेतरी होते’ एवढेच सांगतो, म्हणून हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवूनच अभ्यासावेत.

पक्षाघातावर आपल्या वडिलांच्या निमित्ताने आपण सध्या रोजच काम करत असाल, म्हणून रक्तवाहिन्यांनुसार लक्षणांचा तक्ता मी येथे देत नाही. तो कोणत्याही चांगल्या पुस्तकात आहे आणि तो आलाच पाहिजे. दोन गोष्टींवर मात्र थांबते. पहिली, स्वतःला दुबळ्या बाजूकडे ढकलणारा रुग्ण. त्याला आपण हाताने सरळ करू गेलो की तो अधिक जोराने ढकलतो, हे घरच्यांना हट्टीपणा वाटते. या रुग्णांवरच्या प्रयोगांत दिसून आले आहे की, त्यांना आपले शरीर सरळ आहे असे वाटते तेव्हा ते मेंदूच्या बाधित बाजूकडे सुमारे १८ अंश कललेले असते. डोळ्यांनी उभी रेषा ओळखण्याची त्यांची क्षमता मात्र शाबूत असते. म्हणून उपचार डोळ्यांतून सुरू होतो: पडवीच्या उभ्या खांबासमोर बसवून ‘खांबाशी स्वतःला जुळवा’ असे सांगावे आणि वजन चांगल्या बाजूला नेण्याचे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे. परीक्षेत अशा रुग्णाबद्दल ‘थेरपिस्टने दुबळ्या बाजूने धरून सरळ करावे’ असा पर्याय असेल तर तो सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे उपचारांच्या मोठ्या संशोधन-चाचण्यांचे नकारार्थी निकाल. यशस्वी अभ्यास सगळ्यांच्या लक्षात राहतात. परीक्षेत आणि व्यवसायात माणसाची पारख होते ती न जमलेल्यांवरून. २०१५ च्या एव्हर्ट चाचणीत २,१०४ रुग्ण होते, आणि पहिल्या २४ तासांत वारंवार व जास्त प्रमाणात उठवल्याने तीन महिन्यांनंतर चांगली स्थिती गाठण्याची शक्यता कमी झाली. याचा अर्थ रुग्णाला लवकर उठवू नये असा नाही. पहिल्याच दिवशी प्रमाणाचा अतिरेक नको, असा आहे. २०११ च्या लीप्स चाचणीत ४०८ रुग्णांत शरीराचे काही वजन पट्ट्यांनी उचलून धरून ट्रेडमिलवर चालवणे हे घरी फिजिओथेरपिस्टने घेतलेल्या व्यायामांपेक्षा सरस ठरले नाही. आणि आपल्या देशात १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत, जिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, कुटुंबीयांना शिकवून घरी करवलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतरचे परावलंबन किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. ‘घरच्यांना शिकवून दिले की झाले’ यावर आपल्याकडे फार भिस्त असते, म्हणून हा निकाल कोकणातल्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टने वाचावा. माझे मत असे की घरच्यांना शिकवणे थांबवू नये, पण त्याला प्रशिक्षित हाताच्या उपचाराची जागा देऊ नये.

चालण्याच्या प्रशिक्षणावरची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे या परीक्षेसाठी अनिवार्य समजावीत. सहा महिन्यांहून जुना पक्षाघात, मज्जारज्जूची अपूर्ण दुखापत किंवा मेंदूची दुखापत असलेल्या, पण चालू शकणाऱ्या रुग्णांना ती लागू आहेत. त्यांच्या चालण्याचा वेग आणि अंतर वाढवायचे तर मध्यम ते जास्त तीव्रतेने चालवावे, असे ती सांगतात. वजन उचलणारी ट्रेडमिल, यंत्रमानवाच्या आधाराने चालवणे आणि नुसते तोलाचे व्यायाम या उद्देशासाठी करू नयेत, असेही सांगतात. तीव्रता म्हणजे नेमकी किती, हे हिशेबाने यावे. साठीचे एसटीचे निवृत्त चालक, पक्षाघाताला दहा महिने झालेले, विश्रांतीची नाडी ७०. कमाल नाडी २२० वजा ६०, म्हणजे १६०, त्यातून विश्रांतीची नाडी वजा केली की राखीव ९०, तिचे ६० ते ८० टक्के म्हणजे ५४ ते ७२, त्यात ७० मिळवले की लक्ष्य १२४ ते १४२. आता आपण आपल्या रुग्णांची नाडी चालताना कधी मोजली होती, हे आठवून पाहावे. बहुतेकांना आपण १०० च्या आसपासच फिरवून आणतो. रुग्ण नाडी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेत असेल तर नाडीवर विसंबता येत नाही; तेथे श्रमाची जाणीव विचारण्याचे माप वापरतात, आणि प्रश्नातल्या औषधांच्या यादीत ते नाव हळूच टाकलेले असते.

मोजमापांच्या बाबतीत अकादमीने २०१८ मध्ये सहा मूलभूत चाचण्या ठरवून दिल्या आहेत: तोल मोजणारी बर्ग, चालतानाचा तोल मोजणारी फंक्शनल गेट असेसमेंट, तोलाच्या आत्मविश्वासाची एबीसी प्रश्नावली, दहा मीटर चालणे, सहा मिनिटे चालणे आणि खुर्चीतून पाच वेळा उठणे. प्रत्येकीचे कमाल गुण, कोणासाठी ती फार सोपी ठरते आणि किती फरक पडला तर तो खरा मानावा, हे माहीत हवे. पक्षाघाताच्या रुग्णाने सहा मीटर १२ सेकंदांत कापले आणि महिन्याने १० सेकंदांत, तर वेग सेकंदाला ०.५ वरून ०.६ मीटर झाला. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतील रुग्णाला जाणवण्याजोगा किमान फरक २०१० च्या अभ्यासात ०.१६ आढळला होता, म्हणजे ही सुधारणा त्या मापाला पोहोचत नाही, शिवाय ०.४ ते ०.८ या टप्प्यातला माणूस घराबाहेर मर्यादितच फिरू शकतो, तेव्हा त्याचा गटही बदललेला नाही. संख्याशास्त्र यापलीकडे फार लागत नाही. संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९० टक्के असलेल्या चाचणीचे धन शक्यता-गुणोत्तर ०.८ भागिले ०.१, म्हणजे ८ येते, एवढे हाताने काढता आले की पुरे.

पार्किन्सनमध्ये होन आणि यार यांचे टप्पे, विशेषतः तोल जाऊ लागण्याचा तिसरा टप्पा, औषधाचा अंमल असतानाची आणि उतरल्यावरची तपासणी, आणि बाहेरून दिलेले ताल वा रेषांचे संकेत एवढे पक्के करावे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उष्णतेने लक्षणे तात्पुरती बळावतात आणि शरीर थंड झाल्यावर ओसरतात. मे महिन्याच्या दमट दुपारी व्यायाम घेतलेला रुग्ण ‘आजार वाढला’ म्हणून घाबरतो, तेव्हा हा फरक त्याला समजावता यायला हवा. गिया-बारे हा मज्जातंतूंचा आजार, मेंदूची दुखापत आणि त्यानंतरची शुद्ध व वागणूक मोजणाऱ्या रँचोच्या पातळ्या यांना प्रत्येकी एक आठवडा द्यावा. व्यवस्थापन, नीतिमत्ता आणि अध्यापन यांवरचे प्रश्न अनुभवाने सुटतात.

गावी राहून तयारी करण्यात खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे अमेरिकेतली व्यवस्था डोक्यातून निसटणे. प्रश्नातला रुग्ण घरी, पुनर्वसन रुग्णालयात की नर्सिंग सुविधेत जाईल हे ठरवावे लागते, आणि पुनर्वसन रुग्णालयासाठी रुग्ण साधारणपणे दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस उपचार सोसू शकेल अशी अपेक्षा असते. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. रुग्ण घरी येतो. व्हीलचेअरसाठीच्या उताराचे १:१२ हे प्रमाणही तेथे गृहीत असते. आपल्या घराचे जोते दोन फूट उंच असेल तर त्या हिशेबाने उतार २४ फूट लांब होतो आणि अर्धे खळे व्यापतो, हे मोजून पाहिले की आकडा विसरत नाही. असे करताना येथल्या सवयी उत्तरात शिरणार नाहीत याची काळजी घ्यावी. मालीश, मशीनचा शेक आणि निव्वळ हातपाय हलवून देणे यांना आपल्याकडे मान असला, तरी प्रश्नपत्रिकेत ते बहुधा चुकीचे पर्याय म्हणूनच येतात.

एखादा अभ्यासाचा जोडीदार जरूर असावा. अमेरिकेतला सहकारी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मिळाला तर उत्तमच. नाहीतर रत्नागिरी किंवा चिपळूणमधील एमपीटी झालेल्या एखाद्या सहकाऱ्याला गाठावे. त्या भेटीत वाचलेले सांगत बसू नये. प्रत्येकाने स्वतःच्या एका रुग्णावरून चार पर्यायांचा एक प्रश्न तयार करून आणावा, आणि चुकीचे तीन पर्याय का चुकीचे आहेत यावर वाद घालावा. चांगला चुकीचा पर्याय लिहिणे हे बरोबर उत्तर ओळखण्यापेक्षा अवघड आहे आणि त्यातूनच प्रश्नकर्त्याची चाल कळते. महागडे तयारी वर्ग दोन-तीन घेण्याऐवजी एखादाच प्रश्नसंच घ्यावा आणि तो शेवटच्या दोन महिन्यांत, वेळ लावून, ५०-५० च्या गटांत सोडवावा. एका बैठकीत निदान दोन भाग सलग करावेत, कारण शेवटच्या ५० प्रश्नांत चुका अज्ञानाने कमी आणि थकव्याने जास्त होतात.

परीक्षेआधी निदान दोन आठवडे अमेरिकेत परतावे, म्हणजे झोपेचे चक्र जागेवर येईल. प्रत्यक्ष परीक्षेत प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचावी, मग रुग्णाची माहिती. तसे केले की दुखापत किती जुनी आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, यांकडे डोळे आपोआप जातात. अडलेल्या प्रश्नावर खूण करून, काहीतरी उत्तर निवडून पुढे जावे, रिकामा सोडू नये. एक भाग संपवला की त्यात परत जाता येत नाही, म्हणून खूण केलेले प्रश्न त्या त्या भागातच निकाली काढावेत, आणि पहिले उत्तर बदलायचे तर माहितीतला सुटलेला एखादा शब्द नव्याने सापडला असेल तेव्हाच बदलावे.